हामो बेकनाझारियनचे चित्रपट कसे आणि कोणत्या क्रमाने पाहावेत

आर्मेनियन सिनेमा म्हटलं की बहुतेकांची सुरुवात दिग्दर्शक पाराजानोव्हपासून होते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. माझंही बरीच वर्षं तसंच झालं होतं. ज्या आर्मेनफिल्म स्टुडिओत पाराजानोव्हने डाळिंबाच्या रंगाची ती अद्भुत चित्रं उभी केली, त्या स्टुडिओला १९६६ साली जुने दिग्दर्शक हामो बेकनाझारियन यांचं नाव दिलं गेलं. मी ते नाव कित्येकदा वाचलं आणि पुढे गेले. आपल्याकडे स्टेडियमला कुणाचं तरी नाव असतं आणि तो माणूस कोण हे आपण विचारत नाही, तसंच.

मग एकदा त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव नजरेस पडलं. ते मॉस्कोत १९६५ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी छापलं गेलं. नावाचा अर्थ असा: 'नट आणि चित्रपट-दिग्दर्शक यांची टिपणं'. एका देशाचा सिनेमा ज्याने उभा केला तो माणूस स्वतःची ओळख देताना 'नट' हा शब्द आधी लिहितो, हे मला फार भावलं. मी स्वतः नटी आहे. वीस वर्षं रंगमंचावर काम केलं आणि चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. म्हणून हे मार्गदर्शन एका नटीने लिहिलं आहे असं समजूनच वाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की बेकनाझारियनचे चित्रपट नटांवर नजर ठेवून पाहावेत. कथा, इतिहास, सोव्हिएत राजकारण या गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि मी त्यांच्याकडे येणार आहे, पण दार तिथून उघडत नाही.

आधी नाव नीट शोधा

शोधायला बसाल तेव्हा पहिला घोळ नावाचा होईल. आर्मेनियनमध्ये ते हामो बेकनाझारियन. रशियन भाषेला 'ह' नाही, म्हणून तिकडे हामोचा अमो होतो. आडनावाला रशियन शेपूट लागलं की बेक-नाझारोव्ह. कुठे मधे जोडरेघ असते, कुठे नसते. ही सगळी रूपं एकाच माणसाची आहेत आणि चारही रूपांनी शोधलं तर हाती येणारं साहित्य दुपटीने वाढतं. जॉर्जियन आणि अझरबैजानी चित्रपटांच्या याद्यांत ते बेक-नाझारोव्ह म्हणूनच सापडतात. मी सुरुवातीला फक्त आर्मेनियन नावाने शोधत राहिले, त्यामुळे अर्धं काम नजरेआड राहिलं.

दुसरं काम म्हणजे वहीच्या एका पानावर त्यांच्या गावांची यादी करा. नुसत्या सनावळीतून हा माणूस कळत नाही, गावांमधून कळतो. जन्म १८९१, येरेव्हान, तेव्हा रशियन साम्राज्यात. मग मॉस्को, जिथे १९१४ पासून ते मूकपटांत नायकाची कामं करू लागले. अंगापिंडाने खेळाडू, देखणे आणि पडद्यावर शोभणारे. शिकत मात्र होते कमर्शियल इन्स्टिट्यूटमध्ये. क्रांतीनंतर तिफ्लिस, म्हणजे आजचं त्बिलिसी, जॉर्जियाची राजधानी. तिथल्या स्टुडिओची घडी बसवण्यात त्यांचा मोठा हात होता आणि दिग्दर्शनही त्यांनी तिथेच सुरू केलं. मग येरेव्हान, मग बाकू, मग थेट रशियाच्या अतिपूर्वेला नानाई या आदिवासी लोकांच्या मुलखात, परत येरेव्हान, आणि उतारवयात ताजिक स्टुडिओ. शेवट मॉस्कोत. हे पान चित्रपट पाहताना जवळ ठेवा. प्रत्येक चित्रपटात भाषा, पोशाख, घरांची बांधणी का बदलते, हे विचारावं लागणार नाही.

सुरुवात 'पेपो'पासून, 'नामुस'पासून नव्हे

इतिहासाच्या क्रमाने जायचं तर 'नामुस' आधी यायला हवा. १९२५ सालचा तो आर्मेनियाचा पहिला कथापट. पण ज्याने मूकपट फारसे पाहिलेले नाहीत त्याने तिथून सुरुवात करू नये. मी केली होती आणि अर्ध्यात सोडली. संवादाच्या पाट्या रशियन, माणसं ओळखू येईनात, वर कुणीतरी चढवलेलं संगीत. दोष चित्रपटाचा नव्हता, मी तयारीशिवाय गेले होते.

म्हणून आधी 'पेपो' पाहा. १९३५ सालचा हा आर्मेनियाचा पहिला बोलपट. एकोणिसाव्या शतकातलं तिफ्लिस. त्या शहरात तेव्हा आर्मेनियन व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची मोठी वस्ती होती. पेपो हा गरीब कोळी. त्याच्या बापाने झिमझिमोव्ह नावाच्या सावकाराकडे पैसे ठेवले होते. त्या पैशांवर बहिणीचं, केकेलचं, लग्न व्हायचं आहे. सावकार म्हणतो, कसले पैसे? आणि कागद सापडत नाही. हुंड्याशिवाय नवरामुलगा मागे फिरतो. पुढे कागद सापडतो, सावकार तडजोडीला येतो, आणि पेपो ती नाकारतो.

या कागदाला मूळ नाटकात 'बरात' म्हणतात. हा शब्द मी ऐकला आणि थबकले, कारण पेशवाईच्या कागदपत्रांत 'वरात' येते ती हीच: अमुक रक्कम अमुक ठिकाणाहून मिळावी अशी लेखी चिठ्ठी. दोन्ही भाषांनी तो फारसीकडून घेतला. आपण आज वरात म्हटलं की घोड्यावरचा नवरा आठवतो. पेपोच्या घरातही लग्न आणि बरात एकमेकांना बांधलेली आहेत, पण इथे बरात हरवली म्हणून लग्न मोडतं.

गाब्रिएल सुंदुक्यान यांचं हे नाटक १८७१ सालचं. येरेव्हानचं राज्य नाट्यगृह १९२२ साली सुरू झालं तेव्हा पहिला प्रयोग 'पेपो'चाच होता आणि त्या नाट्यगृहाला आज सुंदुक्यान यांचंच नाव आहे. म्हणजे चित्रपटातल्या नटांनी, आणि समोरच्या प्रेक्षकांनीही, हे नाटक आधीच अंगावर मुरवलेलं होतं. नटासाठी याच्याइतकी अवघड जागा नाही. शंभर वेळा टाळ्या मिळालेलं वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणायचं आणि टाळ्यांची वाट पाहायची नाही.

माझा पहिला चित्रीकरणाचा दिवस मला अजून आठवतो. एकच वाक्य होतं: "पत्र आलंय का?" मी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हटलं, कारण वीस वर्षं तेच करत आले होते. दिग्दर्शक उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, शेवटची रांग इथे आहे," आणि त्यांनी भिंगाकडे बोट केलं. चार हातांवर. पुढच्या वेळी मी पेटीच्या कुलपाकडे पाहिलं, मग माणसाकडे, आणि वाक्य जवळजवळ पुटपुटले. तेच चित्रपटात राहिलं.

हे सांगायचं कारण असं, की 'पेपो' पाहताना नेमकी हीच गोष्ट शोधा. पेपोचं काम ह्राचिया नेर्सिस्यान यांनी केलं आहे. ऑटोमन साम्राज्यातल्या निकोमीडियात जन्मलेला हा नट. एकेका प्रसंगात दोनदा बघा: एकदा ते बोलत असताना, आणि एकदा समोरचा बोलत असताना. दुसऱ्या वेळी त्यांच्या खांद्यांकडे पाहा. ऐकणारा नट शरीरात काय करतो यावरून दिग्दर्शकाने त्याला किती विश्वास दिला हे कळतं. झिमझिमोव्हचं काम अवेत अवेतिस्यान यांचं. त्याला खलनायक म्हणून पाहू नका, हिशेब करणारा माणूस म्हणून पाहा. पेपोचा मित्र काकुली हा तिफ्लिसचा 'किंतो', म्हणजे डोक्यावर माल घेऊन फिरणारा, जिभेचा तिखट फेरीवाला. दाविद माल्यान यांनी तो असा उभा केला आहे की तो गेला तरी पडद्यावर गल्ली उरते.

आणि संगीताकडे कान द्या. अराम खाचातुरियन यांचं हे पहिलंच चित्रपट-संगीत. त्यांचा जन्म तिफ्लिसकडचाच, १९०३ सालचा. लहानपणी कानावर पडलेलं शहर त्यांनी इथे वाजवलं आहे. पेपोच्या गाण्याचे शब्द कवी येघिशे चारेन्त्स यांचे. चित्रपट आला १९३५ ला. १९३७ ला चारेन्त्स येरेव्हानच्या तुरुंगात वारले. ते गाणं लागलं की मला दर वेळी हे आठवतं, आणि ते आठवावं असं मला वाटतं.

आता 'नामुस', पूर्ण तयारीनिशी

बसण्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, गती तपासा. त्या काळी कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई, सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चौकटी घेत. आज तेच फिल्म चोवीसच्या गतीने लावलं की माणसं तुरुतुरु चालतात आणि आपल्याला नकळत हसू येतं. रस्त्यावरून सहज जाणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची चाल बघा. ती उड्या मारल्यासारखी वाटली तर गती पाऊणपट करा, म्हणजे साधारण अठरा चौकटींपाशी येईल. एवढ्या एका गोष्टीने माझ्यासमोरचा 'नामुस' बदलला. जे मला अतिरेकी हातवारे वाटत होते ते वेगामुळे तसे दिसत होते.

दुसरी, पात्रांचा कागद करा. बरखुदार आणि हैरापेत हे दोन शेजारी बाप. बरखुदारची मुलगी सुसान, हैरापेतचा मुलगा सेयरान. मुलं लहान असतानाच दोघांचं लग्न ठरलेलं. श्रीमंत व्यापारी रुस्तम नंतर येतो. एवढी पाच नावं समोर असली की पाट्या वाचता आल्या नाहीत तरी वाट चुकत नाही.

तिसरी, शीर्षकाचा अर्थ मनात घोळवा. नामुस म्हणजे अब्रू, घराण्याची लाज. आपल्या भाषेत 'नामुष्की' आली ती याच शब्दाच्या कुळातून. अब्रूचा शब्द आपण सोडून दिला आणि ती गेल्याचा शब्द मात्र रोज वापरतो. या चित्रपटातली माणसंही तशीच आहेत. नामुस असते तेव्हा ती कुणाला दिसत नाही. ती गेली अशी कुजबुज झाली की घर पेटतं.

ठरलेल्या मुलामुलीने लग्नाआधी भेटायचं नाही, हा नियम. सेयरान आणि सुसान भेटतात, बोभाटा होतो, बाप लग्न मोडतो आणि मुलगी रुस्तमला देतो. सेयरान सूडापोटी एक खोटं पसरवतो, रुस्तम संशयाने आंधळा होतो आणि सुसानचा जीव जातो.

मूळ लेखक शिरवानझादे, जन्म आजच्या अझरबैजानातल्या शामाखीचा. बरखुदारचं काम करणारे होव्हान्नेस अबेलियन, जन्म शामाखीचाच. भूकंपांनी वारंवार पडलेलं ते गाव; १८५९ च्या भूकंपानंतर प्रांताची राजधानीच तिथून बाकूला हलवली गेली. कथेतही भूकंप आहे. चित्रीकरणाच्या वेळी अबेलियन साठीला आलेले, रंगभूमीचे मोठे नट. अशा नटाला तरुण दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर कसा सांभाळतो, हे पाहण्यासारखं आहे. अबेलियन यांच्या अभिनयात नाटक उरलं आहे, आणि मला वाटतं ते मुद्दाम ठेवलं आहे. बरखुदार हा घरातसुद्धा चार लोकांसमोर असल्यासारखा वागणारा बाप आहे. उलट रुस्तम पाहा. तोही नेर्सिस्यानच, दहा वर्षांनी तरुण, आणि चित्रपटातलं हे त्यांचं पहिलं काम. संशय चढत जातो तसा हा माणूस कमी कमी हलतो. एकाच चित्रपटात दोन पिढ्यांचा अभिनय शेजारी ठेवायचा आणि त्यातून बापाच्या जगाची आणि नवऱ्याच्या जगाची तफावत दाखवायची, हे ज्याने स्वतः मॉस्कोत कॅमेऱ्यासमोर घाम गाळला आहे त्यालाच सुचतं.

माझी एक तक्रार आहे. सुसानला करायला फार कमी आहे. तिच्यावर सगळं घडतं. कथेची ती मागणी आहे हे कबूल, पण मारिया शाहुबात्यान-तातियेवा यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यापेक्षा त्यांना अधिक जागा मिळायला हवी होती.

पुढची वाट

'नामुस'नंतर हलकं काहीतरी हवं. 'शोर आणि शोरशोर', १९२६. दोन दारुडे आणि गावाची भुताखेतांवरची श्रद्धा. आखूड आहे, त्याच नटांच्या मंडळींनी मजेत केलेला. अवेतिस्यान यांना आधी झिमझिमोव्ह म्हणून पाहिलं असेल तर इथे ते ओळखू येणार नाहीत. एकाच संध्याकाळी दोन्ही लावा.

'झारे', तोही १९२६ चा, माझा आवडता. येझिदी कुर्द मेंढपाळांची ही कथा. कुर्द जीवनावरचा हा पहिला कथापट मानला जातो. झारे ही मेंढपाळ सैदोवर प्रेम करते आणि गावचा बेग तिच्यावर डोळा ठेवतो. मारिया तेनाझी यांची झारे सुसानपेक्षा कितीतरी जास्त वावरते, ठरवते, नकार देते. इथे कथेपेक्षा कामांकडे बघा: तंबू, कळप, लोकर, चूल. दिग्दर्शकाने माणसांना त्यांच्या कामात गुंतलेलं ठेवलं आहे. हाताला काम असलं की नटाचा चेहरा खोटं बोलत नाही, हे आम्ही नट तालमीत शिकतो.

यानंतर बाकूचा टप्पा. 'ज्वालामुखीवरचं घर' तेलकामगारांवरचा, १९२८. आणि १९२९ चा 'सेविल', जफर जब्बारली यांच्या नाटकावरचा. 'सेविल'मध्ये नायिका बुरखा आणि नवऱ्याचा जाच दोन्ही मागे टाकते. त्या वर्षांत सोव्हिएत सत्तेला अशा कथा हव्याच होत्या, त्यामुळे प्रचाराचा सूर ऐकू येईल. पण सेविल झालेल्या इज्जत ओरुजोवा पुढे पेट्रोलियमच्या नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाल्या, हे माहीत असलं की शेवटच्या भागाकडे बघण्याची नजर बदलते. पडद्यावर जे घडावं असं म्हटलं जात होतं ते त्या स्त्रीने करून दाखवलं.

१९३८ चा 'झांगेझुर' पाहायचा तर सावधपणे. यादवी युद्धावरचा, सत्तेला पसंत पडलेला; १९४१ साली त्याला स्तालिन पारितोषिक मिळालं. इथे शत्रू फक्त शत्रू आहे. ज्या दिग्दर्शकाने झिमझिमोव्हलाही माणूस केलं होतं त्याचा हात इथे बांधलेला जाणवतो, आणि मला ते पाहताना वाईट वाटतं. महायुद्धात केलेला 'दाविद बेक' अठराव्या शतकातल्या सेनानीवर आहे. वेळ असेल तर पाहा. १९४७ चा 'अनाहित' ही परीकथा लहान मुलांबरोबर पाहता येते: राजपुत्राने आधी एखादी कारागिरी शिकावी, मगच लग्न, अशी अट घालणारी गावातली मुलगी त्यात आहे.

सगळं झाल्यावर 'नामुस'कडे परत या. यावेळी आवाज पूर्ण बंद करा. वर चढवलेलं संगीत कितीही चांगलं असलं तरी ते तुम्हाला कधी हळवं व्हायचं हे सांगत राहतं. आवाज गेला की प्रसंग लांबतात, आणि सुरुवातीला कंटाळा येईल. दहा मिनिटं धीर धरा. मग फक्त हात पाहा. बरखुदारचे, रुस्तमचे, मागे उभ्या असलेल्या बायकांचे. नंतर वहीत तीन ओळी लिहा: कुठल्या प्रसंगात कुणाचे हात रिकामे होते, आणि ते रिकामे का ठेवले असतील. माझ्या वहीत पहिली ओळ सुसानची आहे.